पंचमीचा पाक

सरोजावैनीच्या घरात विस्तवाला डोळे होते. मुलगा कोण, मुलगी कोण, ते त्याला नीट दिसायचं. मुलगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला की विस्तव त्याला भाजायला टपलेला असायचा, आणि मुलगी आली की तोच विस्तव गुरुजी होऊन तिला चार गोष्टी शिकवायला बसायचा. निदान वैनींचा तरी तसा पक्का समज होता. एरवी बाई हुशार होत्या, दहा किलो कांद्यात एक सडका हात न लावता ओळखत. पण या बाबतीत त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

निंबव्वा दरवर्षी श्रावणात पंचमीला कोप्पळहून गदगला माहेरी यायची. पंचमी हा लेकींचाच सण. झाडाला झोका बांधायचा, घरोघरी उंडी वळायची, शेंगदाण्याची, तिळाची, रव्याची, आणि डबे भरभरून शेजारीपाजारी वाटायची. उंडी म्हणजे लाडूच, पण तिथं कुणाला लाडू म्हटलेलं चालत नाही. निंबव्वा कोप्पळला बसस्थानकावर पास देणाऱ्या खिडकीत बसायची. दिवसभर कावलेल्या माणसांची तोंडं बघून तिचंही तोंड तसंच झालं होतं. तिचा अण्णा, चन्नप्पा, म्हणायचा, "हिच्या नावातच निंब आहे, आम्ही काय करणार." हे म्हणून तो हसायचा. चन्नप्पा प्रत्येक गोष्टीवर हसायचा. बायको आणि बहीण यांच्यात ठिणगी उडाली की हसून बाजूला व्हायचं, यालाच तो घर सांभाळणं समजत असे.

या वर्षी निंबव्वा नऊ वर्षांच्या दाक्षायणीला घेऊन दारात उभी राहिली, आणि तिची पिशवी खाली टेकायच्या आत वैनी म्हणाल्या, "दाक्षी चांगलीच उंच झाली की. बरं झालं. यंदा उंड्यांना एक हात वाढला."

सोफ्यावर सृजन आडवा पडला होता. वैनींचा एकुलता एक, अकरा वर्षांचा, पोटावर मोबाइल ठेवून. त्याचे दोन्ही हात मोकळे होते, पण ते कुणाच्या मोजणीत नव्हते.

"हात तर इथंही दोन दिसताहेत," निंबव्वा म्हणाली.

"तो अजून लहान आहे."

"दाक्षीपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे का मग?"

चन्नप्पा हसला आणि चपला घालून बाहेर गेला.

निंबव्वाच्या डाव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नसत. ती दाक्षीएवढी असताना याच घरात, याच सणाला, गुळाचा पाक तिच्या हातावर सांडला होता. तेव्हा चूल होती, ती जमिनीवर बसून ढवळत होती, आणि तिच्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. आई, गौरव्वा, ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायची, आणि सांगताना तिच्या आवाजात एक प्रकारची ऐट असायची. "आमची निंबी नऊ वर्षांची असताना पाकात भाजली. त्या दिवसापासून स्वयंपाकात अशी तयार झाली की विचारू नका." मग शेजारची कुणी आपलं मनगट पुढं करायची आणि तेलाचा डाग दाखवायची, तिसरी पोटरीवरचा भाताच्या पेजेचा. बायका चट्टे असे दाखवत, जसे पैलवान गदा दाखवतात. निंबव्वाला त्या बैठकीचा मनस्वी तिटकारा होता. भाजण्यानं माणूस शिकत असेल तर स्मशानात सगळे पंडितच झोपलेले असायला हवेत, असं ती एकदा म्हणाली होती, आणि आईनं दोन दिवस अबोला धरला होता.

दाक्षीला तिनं वेगळं शिकवलं होतं. आधी नुसतं बसायचं आणि बघायचं. मग गार कामं, शेंगा सोलणं, पीठ मळणं, कोथिंबीर निवडणं. मग बोथट सुरी, आणि बोटं आत वळवून धरायची. विस्तव सगळ्यात शेवटी, तोही आई शेजारी असताना. केस बांधायचे, ओढणी नाही, लोंबत्या बाह्या नाहीत. भांड्याचा दांडा नेहमी आत वळवायचा. गरम भांडं घेऊन निघालं की मोठ्यानं "गरम" म्हणायचं. स्वयंपाकघरात पळायचं नाही, मग घरात साप निघाला तरी.

हे सगळं गौरव्वानं ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. "अगं, पोरगी आमटी करायला शिकतेय की विमान उडवायला?"

"विमानवाल्यालासुद्धा आधी जमिनीवर शिकवतात अव्वा. तुम्ही मला थेट आभाळातून ढकललंत."

उंड्यांच्या दिवशी सकाळपासून घरभर भाजलेल्या दाण्यांचा वास होता. स्वयंपाकघरात ओट्यावर दोन शेगड्या, एकीवर रवा, दुसरीवर पाकाचं, दांडा असलेलं पातेलं. पाक बघण्याची रीत जुनी. ताटलीत पाणी घ्यायचं, पाकाचा थेंब त्यात टाकायचा, आणि पाण्यातल्या पाण्यात तो बोटांनी गोळा करायचा. गोळी झाली, ताटलीवर आपटून टण्ण वाजली, की पाक झाला. मग दाणे ओतायचे आणि गरम आहे तोवर भराभर वळायचं. गार झालं की दगड.

निंबव्वानं दाक्षीला शेगडीपासून लांब, भिंतीशी पाटावर बसवलं आणि भाजलेल्या दाण्यांची सालं काढायला दिली. दाक्षी सूप हलवत, फुंकर घालत, आपल्याच नादात गाणं म्हणत होती.

सरोजावैनी आत आल्या, त्यांनी ते चित्र पाहिलं आणि कमरेवर हात ठेवला. "दाक्षी, ऊठ. हे घे उलथनं. पाक ढवळ, लागू द्यायचा नाही."

"ती पाकाजवळ येणार नाही," निंबव्वा म्हणाली.

"नऊ वर्षांची झाली. कधी शिकायची?"

"शिकतेय की. दाणे काय आपोआप सोलले जाताहेत?"

"दाणे माकडं पण सोलतात. सासरी गेल्यावर सासू विचारणार नाही दाणे किती सोलले म्हणून."

"सासरी जायला तिला अजून पंधरा वर्षं आहेत. तेवढ्यात तुमची काळजी दमून जाईल वैनी. आणि ढवळायला हात हवाच असेल तर सृजनला बोलवा. अकराचा आहे, त्याला तर उशीरच झालाय."

"मुलगा आहे तो."

"मग? पाक आधी विचारतो का, तू कोण म्हणून?"

 वैनींच्या मागे, उंबऱ्यापलीकडे, सृजन येऊन उभा राहिला होता. वासानं आला असेल, किंवा मोबाइलची बॅटरी संपली असेल. त्यानं मान आत घातली. "आत्ती, मी येऊ? मी पण वळतो ना उंडी."

"ये. आधी हात धू, आणि दाक्षीशेजारी बस."

"काही नको," वैनी गर्रकन वळल्या. "शेगड्या पेटल्यात, दिसत नाही? भाजलं म्हणजे? जा, बाहेर बस. झाली की देते तुला गरम गरम."

सृजन गेला. निंबव्वा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. पोरगं वाईट नव्हतं. त्याला कुणी काही करू दिलं नव्हतं, एवढंच. ग्लास उचलून पाणी प्यायचं तरी आजी धावत यायची. अकरा वर्षं त्यानं हे स्वयंपाकघर दारातून पाहिलं होतं, जशी लोकं देवळाचा गाभारा बघतात, लांबून आणि अर्धवट.

थोड्या वेळानं पुढच्या खोलीत शेजारच्या रुद्रव्वा येऊन बसल्या. रुद्रव्वा उंड्यांचा डबा घेऊन आल्या होत्या म्हणायला, खरं तर कुणाची लेक माहेरी काय घेऊन आली आणि अंगानं किती भरली, याची चौकशी करायला. गौरव्वा आणि वैनी त्यांच्यापाशी बसल्या. निंबव्वा एकटीच आत पाक ढवळत होती. पुढच्या खोलीतलं बोलणं आत स्पष्ट येत होतं, आणि ते यावं अशाच आवाजात चाललं होतं.

"निंबीची पोर का नाही दिसत?" रुद्रव्वांनी विचारलं.

"आहे की आत," वैनींचा आवाज. "काचेच्या कपाटात ठेवलीय. हात लावायची सोय नाही. कोप्पळकडं हल्ली पोरींना असंच वाढवतात म्हणे. उद्या नवरा म्हणाला चहा कर, तर ही म्हणेल, आधी माझ्या आईला विचारा शेगडी पेटवू का."

रुद्रव्वा खो खो हसल्या. गौरव्वाही हसली. त्या हसण्यानं निंबव्वाला जे लागलं ते वैनींच्या बोलण्यानं लागलं नव्हतं. आपली बोटं ज्या घरात वाकडी झाली, त्या घरातली आई हसतेय.

पाक अजून व्हायचा होता. तिनं आच बारीक केली. "दाक्षी, शेगडीकडं जायचं नाही. मी आलेच," असं म्हणून ती पदर खोचत बाहेर गेली. तिच्या जिभेवर वाक्य तयार होतं, आणि तयार वाक्य तिला कधी गिळता आलं नव्हतं.

"रुद्रव्वा, चहाचं नका काळजी करू," ती दारात उभी राहून म्हणाली. "माझी पोर चहा करेल. तुमच्या लाडक्या सृजनचं काय ते बघा. त्याची बायको एक दिवस तापानं पडली तर हा बिचारा पाणी कुठून येतं तेच विचारत फिरेल. वैनींनी मुलगा नाही वाढवला, पाहुणा वाढवलाय. आणि पाहुण्याला कोण किती दिवस ठेवून घेतं, ते तुम्हाला चांगलं माहीत आहे."

बोलणं झणझणीत झालं होतं. रुद्रव्वांच्या मुलाला सुनेनं आईकडं परत पाठवून दिलं होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. वैनींचा चेहरा उतरला. निंबव्वाला फार बरं वाटलं, आणि त्या बऱ्या वाटण्यात ती आणखी दोन वाक्यं बोलली. मग आणखी एक.

त्याच वेळी सृजन मागच्या अंगणातून स्वयंपाकघरात शिरला.

दाक्षीनं नंतर सांगितलं ते असं. तो आला, तोंडावर बोट ठेवून हसला, आणि ओट्यापाशी गेला. ती म्हणाली, "आईनं जायचं नाही सांगितलंय." तो म्हणाला, "मी फक्त पाक बघतो, झाला का ते." आजीला पाक बघताना त्यानं दारातून कितीदा तरी पाहिलं होतं. चमच्यातून थेंब पडतो, आजी तो बोटांत घेते, गोल गोल करते, हसते. ताटलीतलं पाणी दारातून दिसत नाही. पाणी पारदर्शक असतं, आणि ताटली ओट्यावर आत सरकवलेली असते. त्यानं उलथन्यानं पाक उचलला. दाक्षी ओरडली, "पाण्यात टाक, पाण्यात." तोपर्यंत त्यानं तो सरळ आपल्या डाव्या तळहातावर ओतला होता.

पाक तेलासारखा निथळत नाही. तो धरून बसतो. सृजननं हात झटकला, तसा तो बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावरच्या तांब्याच्या कड्याखाली पसरला. त्यानं किंकाळी फोडली. आतून दाक्षीची हाक आली, "आई."

निंबव्वा पोचली तेव्हा दाक्षीनं त्याचा दुसरा दंड धरून त्याला मोरीत ओढलं होतं आणि पिंपातलं पाणी तांब्या तांब्या त्याच्या हातावर ओतत होती.  निंबव्वानं गॅस बंद केला, मोरीत गुडघ्यावर बसली आणि सृजनचा हात आपल्या हातात घेतला. "शाबास. ओतत राहा. थांबायचं नाही."

मागोमाग घर लोटलं. वैनींच्या हातात टूथपेस्टची नळी होती. ज्या बाईला स्वतःच्या मुलाला शेगडी दाखवायला अकरा वर्षांत सवड झाली नव्हती, तिनं ती कुठून आणि किती चपळाईनं आणली, हे देव जाणे. "हात पुढं कर बाळा, हे लाव, गार वाटेल."

"ती नळी बाजूला ठेवा."

"अगं, भाजलंय त्याला."

"भाजलंय, किडले नाहीत दात."

गौरव्वा हळदीचा डबा घेऊन आली, तूपही आणलं होतं. रुद्रव्वा म्हणाल्या शाई लावा, आमच्याकडं शाई लावतात. मग म्हणाल्या बटाटा किसून लावा. प्रत्येकीला दुसरीच्या औषधावर विश्वास नव्हता आणि स्वतःच्या औषधावर पूर्ण होता. वैनींनी वाकून, हातावर चिकटलेला गूळ नखानं सोलायला सुरुवात केली, आणि निंबव्वानं त्यांच्या हातावर फटका मारला. जोरात मारला. नणंदेनं भावजयीवर हात उचलल्याचं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते बघायला रुद्रव्वा हजर होत्या.

"कातडी निघेल सोबत. पाण्यात आपोआप विरघळेल. कुणी काही लावायचं नाही. हळद आमटीत घाला, तूप भातावर, शाई शाळेत. अण्णा, हसत उभा राहू नकोस, दुसऱ्या पिंपातलं पाणी आण."

चन्नप्पा हसत नव्हता. पहिल्यांदाच त्याला काय करावं ते सुचत नव्हतं आणि चेहरा कुठं ठेवावा तेही. तो कळशीनं पाणी आणू लागला.

"प्यायचं पाणी आहे ते," गौरव्वा पुटपुटली. "नळ परत आठवड्यानं येणार."

"मग आठवडाभर सगळे तहानलेले राहा."

कडं काढायला हवं होतं, हात सुजायच्या आत. निंबव्वानं साबण लावून ते हळूहळू फिरवत सोडवलं. सृजन हुंदके देत होता आणि आईकडं नाही, दाक्षीकडं बघत होता, कारण तीच एकटी त्याला सारखं सांगत होती, "आता आणखी एक तांब्या. आता आणखी एक." बराच वेळ पाणी चाललं. गूळ विरघळून वाहून गेला आणि खाली लाल, फोड धरू लागलेला तळवा दिसला. मग निंबव्वानं स्वच्छ ओला पंचा हलक्यानं गुंडाळला, त्याला मांडीवर घेऊन ती मोटारसायकलवर मागे बसली, आणि चन्नप्पानं दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी बघितलं, मलमपट्टी केली, बोटं हलवून घेतली. फोड येतील, फोडायचे नाहीत, दोनतीन आठवड्यांत कातडी धरेल, बोटं सरळ राहतील, असं म्हणाले. "पाणी भरपूर ओतलंत ते बरं केलंत. इथं येईपर्यंत लोक अर्धं किराणा दुकान लावून आणतात," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. निंबव्वाला ते वाक्य घरी नेऊन चौकटीत लावावंसं वाटलं.

घरी आले तेव्हा रुद्रव्वा अजून तिथंच होत्या. अशा दिवशी घरी जाणं त्यांना पाप वाटलं असतं. सृजनला कॉटवर झोपवलं. वैनी त्याच्या उशाशी बसल्या, त्याचे केस मागे सारले, आणि मग दाराशी उभ्या असलेल्या दाक्षीकडं वळून म्हणाल्या, "तू आतच होतीस ना गं? तुला थांबवता नाही आलं त्याला?"

दाक्षीनं आईकडं बघितलं.

 निंबव्वाला मनातून वाटलं होतंच की हे येणार. अकरा वर्षांचा घोडा पाकात हात घालतो, आणि जाब कुणाला, तर नऊ वर्षांच्या पोरीला, कारण ती मुलगी आहे आणि म्हणून घरातली पहारेकरी आहे. आधी म्हणायचं शिक, ढवळ. मग म्हणायचं, लक्ष का नाही ठेवलंस. याला तोड नव्हती.

"वैनी," ती म्हणाली, "दाक्षीला मी शेगडीकडं जायला मनाई केली होती. तिनं ऐकलं. तिनं त्याला सांगितलं, ओरडली, ओढून मोरीत नेलं. तुम्ही आम्ही पोचायच्या आत पाणी ओतलं. तिच्याकडं बोट दाखवायचं असेल तर आधी तिच्या पाया पडा. पेटत्या शेगडीपाशी मोठं माणूस असायला हवं होतं, ते मी होते, आणि मी बाहेर येऊन तुमच्याशी तोंड वाजवत होते. ती चूक माझी. जिभेची खाज भागवायला पाक सोडून आले."

 स्वतःच्या तोंडाचा तिला फार अभिमान होता, आणि त्याच तोंडानं तिला शेगडीपासून उठवलं होतं. दुसऱ्यांना मूर्ख म्हणताना जो कडवटपणा तिला सोपा जायचा, तोच आता घशाखाली उतरवावा लागत होता.

"म्हणजे कबूल करतेस," वैनी म्हणाल्या.

"कबूल. आता तुमचं सांगा."

"माझं काय? मी तर त्याला कधी आत पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. सात वर्षं देवळं झिजवली तेव्हा झाला हा. मी त्याला जपते, यात माझं काय चुकलं?" वैनींचा आवाज फाटला. त्यात नाटक नव्हतं. निंबव्वाला ते कळलं, आणि क्षणभर तिला त्या बाईची दया आली. क्षणभरच.

उत्तर सृजननं दिलं, कॉटवरून, छताकडं बघत. "मला कुणी सांगितलंच नव्हतं ते इतकं गरम असतं. आजी तर हातात घेते नेहमी. दाक्षीला सगळं माहीत आहे. मलाच काही माहीत नाही."

रुद्रव्वा उठल्या आणि म्हणाल्या, बरं, येते मी, भाकऱ्या राहिल्यात. त्यांना तेवढं पुरे झालं होतं. संध्याकाळपर्यंत ही हकिगत चार घरं फिरून आली, आणि प्रत्येक घरी निंबव्वाचा फटका थोडा थोडा मोठा होत गेला.

पातेल्यातला पाक केव्हाच दगड झाला होता. त्या वर्षी पंचमीला चन्नप्पाच्या घरात शेजाऱ्यांच्या उंड्या खाल्ल्या गेल्या. गौरव्वाला याची जेवढी लाज वाटली तेवढी नातवाच्या हाताची काळजीही वाटली नसेल. सणाच्या सकाळी निंबव्वानं चन्नप्पाला ओट्यापाशी उभं केलं आणि नवा पाक त्याच्याकडून ढवळून घेतला, निदान देवापुढं चार उंड्या घरच्या असाव्यात म्हणून. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण पातेल्याचा दांडा बाहेर काढून ठेवला होता. दाक्षीनं पाटावरून सांगितलं, "मामा, दांडा आत." त्यानं वळवला. वैनींनी दारातून हे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यांनी आता नवा कायदा काढला होता, की या घरात बारा वर्षांखालचं कुणीही स्वयंपाकघरात येणार नाही, मुलगा नाही आणि मुलगीही नाही. निंबव्वा म्हणाली, "छान. म्हणजे बाराव्या वर्षी दोघंही एकदम भाजतील." आणि बसला निघाली.

दिवाळीच्या सुट्टीत सृजन कोप्पळला आला. तो स्वतः हट्ट करून आला होता, दोन दिवस जेवला नव्हता म्हणे, आणि अशा वेळी वैनींचा कोणताही कायदा टिकत नसे. तळहातावर नवी कातडी गुलाबी दिसत होती. त्याला वाटलं होतं आत्ती पहिल्याच दिवशी शेगडी देईल. आत्तीनं त्याला हात धुवायला लावले, मग शेंगांची टोपली दिली.

"हे तर माकडं पण करतात," तो म्हणाला. आईचं वाक्य होतं.

"मग माकडापेक्षा बरं करून दाखव."

दाक्षीनं त्याला सुरी कशी धरायची ते शिकवलं, आणि शिकवताना तिच्या आवाजात मास्तरकी इतकी आली की निंबव्वाला तिला दोनदा दटावावं लागलं. बोटं आत वळव. वर बघू नको, कांद्याकडं बघ. सुरी पडली तर पकडायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचे. सुट्टी संपता संपता त्याला शेगडीपाशी उभं राहायला मिळालं. पहिल्यांदा आच लागली तशी तो एकदम मागे सरला आणि हात पाठीमागे लपवला.  निंबव्वानं आच बारीक केली आणि ती त्याच्या शेजारी उभी राहिली. दारात कुणीतरी बेल वाजवली, फोन वाजला, ती हलली नाही. थोड्या वेळानं त्याचा हात पुढं आला. त्या दिवशी कांदा-टोमॅटोचा गोज्जू त्यानं केला, चुरमुऱ्यांत कालवला, वरून शेव आणि कोथिंबीर घातली आणि घरच्या सगळ्यांना गिरमिट दिलं. मीठ जास्त झालं होतं. दाक्षीनं ते सांगितलं आणि तरी दोनदा घेतलं.

वैनी त्याला न्यायला आल्या तेव्हा त्यानं त्यांच्यासाठीही केलं. त्या स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या, पदराचं टोक चावत. तो पातेल्याचा दांडा आत वळवतो, "गरम" म्हणून ओरडत पातेलं खाली घेतो, हे सगळं त्यांनी बघितलं. मग बशी घेतली, खाल्लं, आणि म्हणाल्या, "हातावर डाग राहिलाच बघ जरासा." एवढंच. निंबव्वाच्या जिभेवर तीन उत्तरं आली. गॅस चालू होता, म्हणून ती आधी बंद करायला वळली, आणि तोवर वैनी बाहेर जाऊन बसल्या होत्या.

संक्रांतीच्या सुमाराला गौरव्वाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती खाली आवाजात म्हणाली, "ऐक गंमत. परवा रुद्रव्वाच्या घरी हळदीकुंकवाला सगळ्या जमल्या होत्या. सरोजा काय म्हणाली माहीत आहे? म्हणे, आमचा सृजन आता स्वतःचं स्वतः करून खातो. मुलग्यांनाही यायलाच हवं, मी तर पहिल्यापासून म्हणतेय. आणि मुलांना भाजायला सोडून शिकवतात ती काय माणसं, म्हणे. माझ्याकडं बघून म्हणाली."

निंबव्वा खिडकीत बसून पास फाडत होती. समोर रांग होती. ती इतकी मोठ्यानं हसली की रांगेतला पहिला माणूस दचकला.

"तू काही बोलली नाहीस ना?" तिनं विचारलं.

"मी कशाला बोलू. पण राग नाही आला तुला? सगळं तुझं, आणि मिरवते ती."

"मिरवू दे अव्वा. चारचौघींत बोलून बसलीय, आता माघार घेता येणार नाही तिला. पोराला रोज ओट्याशी उभं करावंच लागेल." आणि फोन कानाशी धरूनच तिनं रांगेतल्या माणसाला विचारलं, "तुमचं काय? फोटो कुठाय?"